कयाकच्या बुडाला भोक कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच गळाच्या मासेमारीवर एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. इंदूर आणि परिसरातील मराठी मंडळींत या छंदाची आवड वाढत असताना असा विषय हाताळल्याबद्दल आपले आणि लेखकांचे आभार मानणे उचित ठरेल. गळ, दोरा आणि आमिष यांविषयी लेखात जे सांगितले आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीवर, फिश फाइंडर हे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारे यंत्र बसवण्याविषयीच्या शेवटच्या भागात, बैठकीच्या मागे बुडाला ड्रिलने भोक पाडावे, त्यातून ट्रान्सड्यूसर (यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) पाण्यात सोडावा, आतून नट आवळावा आणि भोवती सिलिकॉन भरून टाकावे, अशी जी सूचना केली आहे, तिच्याबद्दल लिहिणे भाग आहे. प्लॅस्टिकच्या कयाकला या भोकाची गरज नाही. शिवाय ते पाडले तर जो धोका उद्भवतो, त्याचा लेखात उल्लेखही नाही.

भोक का नको हे पटायचे असेल तर ट्रान्सड्यूसर काय करतो ते आधी पाहावे लागेल. त्याच्या पोटात पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची एक चकती असते. विजेचा ठोका मिळाला की ती थरथरते आणि पाण्यात ध्वनीची लहर सोडते, तळावरून परतलेली लहर तिच्यावर आदळली की उलट विजेचा बारीक संकेत देते. स्फटिकांच्या अंगचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता, आणि त्यावर चालणारे मासे शोधण्याचे यंत्र जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये बाजारात आणले. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो. म्हणजे १० मीटर खोल तळापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सत्तरावा-पंचाहत्तरावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळावरून यंत्र खोली काढते. बाजारातील साध्या फिश फाइंडरमध्ये ही लहर बहुधा २०० किलोहर्ट्झची असते. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, त्यामुळे आपल्याला फार तर ट्रान्सड्यूसरची बारीक टिकटिक तेवढी ऐकू येते.

या लहरीला अडवते ती हवा. प्लॅस्टिक नव्हे, ही सगळ्यात महत्त्वाची बाब लेखातून निसटली आहे. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात ध्वनी किती शिरेल आणि किती मागे फिरेल, हे दोघांच्या घनतेचा आणि त्यांच्यातील ध्वनिवेगाचा गुणाकार ठरवतो. मेट्रिक मापात हा आकडा पाण्यासाठी सुमारे १५ लाख येतो, पॉलिएथिलीन या कयाकच्या प्लॅस्टिकसाठी २० लाखांच्या आसपास, आणि हवेसाठी जेमतेम चारशे. पहिले दोन आकडे इतके जवळचे आहेत की पाणी आणि पॉलिएथिलीन यांच्या सीमेवर लहरीचा दोन-चार टक्के भागच परत फिरतो, बाकीचा पुढे जातो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर मात्र ९९ टक्क्यांहून अधिक भाग परत फिरतो, मग तो हवेचा थर कागदाएवढा का असेना. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर जेली चोळतात ती याच कारणासाठी. त्वचा आणि यंत्राचा मुखडा यांच्यात हवा राहू नये, एवढेच तिचे काम. कयाकमध्येही ट्रान्सड्यूसर आणि बूड यांच्यातील हवा काढून टाकली की लहर बुडातून सरळ खाली जाते आणि सरळ परत येते. बूड फोडून ट्रान्सड्यूसर बाहेर काढण्याचे काही कारणच उरत नाही.

आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी आणि बाजारात मिळणारी बहुतेक कयाक या एकाच पद्धतीने घडतात, हे कदाचित सर्वांना ठाऊक नसेल. पॉलिएथिलीनची भुकटी पोकळ साच्यात घालायची, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवत ठेवायचा, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक आतून सगळीकडे चिकटत जाऊन एकसंध, बिनसांध्याचे भांडे तयार होते. याला रोटोमोल्डिंग म्हणतात. अशा कयाकचे बूड साधारण पाच-सहा मिलीमीटर जाड असते. २०० किलोहर्ट्झच्या लहरीची पाण्यातील लांबी सुमारे साडेसात मिलीमीटर, त्यामुळे एवढ्या जाडीचे प्लॅस्टिक तिला फारसे जाणवत नाही. येता-जाता थोडी शक्ती खर्च होते, ती यंत्राची सेन्सिटिव्हिटी एक-दोन अंशांनी वाढवून भरून काढता येते. चोरल धरणाच्या किंवा नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यात आपण ज्या खोलीवर गळ टाकतो, तिथे या नुकसानीने काहीही अडत नाही.

आता भोकाविषयी. पॉलिएथिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही, आणि सिलिकॉन तर मुळीच नीट धरत नाही. ते सुकते, रबरासारखे दिसते, पण नखाने उचलले की सालीसारखे निघून येते. त्यातून हे प्लॅस्टिक उष्णतेने फार पसरते. तापमान ३० अंशांनी वाढले तर मीटरभर लांबी पाच-सहा मिलीमीटरने वाढते, आणि त्याच वाढीत पितळ किंवा पोलाद अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच वाढते. मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या टपावर बांधून नेलेली कयाक हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि तासाभराने ती थंड पाण्यात उतरते. भोकातील धातूची फिटिंग आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक यांची दर खेपेला अशी ओढाताण होत राहिली, की नट कितीही आवळलेला असला तरी एक ना एक दिवस तिथून पाणी झिरपू लागणारच.

मोटारबोटीत असे पाणी शिरले तर ते पायाखाली दिसते, उपसायचा पंप असतो. वरती बसून चालवायच्या कयाकमध्ये बूड आणि वरचा भाग यांच्यातील पोकळी बंद असते, तिच्यात शिरलेले पाणी वरून दिसत नाही. दहा-पंधरा लिटर पाणी साचेपर्यंत माणसाला एवढेच जाणवते, की आज कयाक जरा जड चालते आहे. हे पाणी एका जागी बसून राहत नाही. कयाक डावीकडे कलली की तेही डावीकडे धावते आणि कलणे आणखी वाढवते, त्यामुळे मासा ओढताना सहज झुकणारा माणूस अचानक पाण्यात पडू शकतो. बहुतेक जण लाइफ जॅकेट बैठकीखाली दडपून ठेवतात, अंगात घालत नाहीत, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर एका मधल्या बोटाएवढ्या भोकाची किंमत काय होऊ शकते, ते वेगळे सांगायला नको. शिवाय आपल्या तलावांचे काठ काळ्या दगडांचे. बुडाबाहेर आलेला ट्रान्सड्यूसर त्यावर घासटला की आधी त्याचा मुखडा जातो आणि मग फिटिंग हलते.

लेखकांची सूचना अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण मोठ्या मोटारबोटींत बुडातून ट्रान्सड्यूसर बाहेर काढण्याची रीत खरोखरच आहे. तिथे वेगामुळे बुडाखाली हवेचे बुडबुडे आणि पाण्याचा खळखळाट तयार होतो, तो टाळून स्वच्छ प्रवाहात ट्रान्सड्यूसर ठेवावा लागतो, आणि बुडाच्या फायबरग्लासला लागणारी फिटिंग व सीलंट यांचे शास्त्र वेगळे आहे. वल्ह्याने ताशी चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या कयाकखाली असा खळखळाट होतच नाही. यंत्रासोबत येणारी पुस्तिका बहुधा मोटारबोट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, आणि तिच्यातील चित्र जसेच्या तसे कयाकला लावले की अशी गफलत होते.

मग बसवायचे कसे? माझ्या मते पहिले काम चिकटवण्याचे नाही, पारखण्याचे आहे. कयाक काठाजवळ, कंबरभर पाण्यात, कोणीतरी धरून ठेवावी. हॅचचे, म्हणजे आतल्या पोकळीत हात घालायच्या तोंडाचे, झाकण उघडून आत दोन-तीन तांबे पाणी ओतावे, ते बुडाच्या सखल भागात साचेल. त्या पाण्यात ट्रान्सड्यूसर तोंड खाली करून नुसता ठेवावा, बोटाने थोडा हलवून त्याच्या खाली अडकलेले बुडबुडे बाहेर काढावेत आणि पडद्यावर खोली पाहावी. मग तोच ट्रान्सड्यूसर बाहेर काढून कयाकच्या कडेने थेट पाण्यात धरावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तळाची रेघ दोन्ही वेळा सलग दिसली, तर ती जागा योग्य समजावी. आत ठेवल्यावर तळ तुटक दिसत असेल तर जागा बदलून पाहावी. कित्येक कयाकांच्या आत तरंगण्यासाठी फोमचे ठोकळे घातलेले असतात किंवा घडणीच्या वेळी प्लॅस्टिकमध्ये बारीक बुडबुडे राहिलेले असतात, आणि असे बुडबुडे असलेल्या भागातून लहर जात नाही. खोलीची खात्री करायची असेल तर गवंड्याचा ओळंबा लांब दोरीला बांधून सोडावा. ही चाचणी उथळ पाण्यात एकदा आणि थोड्या खोल पाण्यात एकदा घेतलेली बरी, कारण दोन मीटरवर वाईट बसवलेला ट्रान्सड्यूसरही तळ दाखवतो.

जागा निवडताना तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. बूड तिथे सपाट हवे, हात हॅचमधून तिथपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि माणूस बसल्यावर तो भाग सदैव पाण्यात राहिला पाहिजे. बैठकीच्या थोडे पुढे किंवा लगेच मागे अशी जागा बहुधा सापडते. वरून खालपर्यंत आरपार गेलेली जी पाणी निचऱ्याची भोके या कयाकांना असतात, त्यांच्यापासून थोडे अंतर राखावे. ट्रान्सड्यूसरचे तोंड सरळ खाली हवे, आणि ते कयाक जमिनीवर असताना नव्हे, माणूस व सामान चढवल्यावर. तोंड दहा अंशांनी कलले तर १० मीटर खोलीवर खोलीचा आकडा फारसा चुकत नाही, परंतु झोताचा मध्य पावणेदोन मीटर बाजूला सरकतो. तेव्हा पडद्यावर दिसणारे खोड आपल्या बुडाखाली आहे असे समजून गळ सोडणारा माणूस निष्कारण गोंधळतो.

जागा ठरल्यावर फोमचे कडे करणे हा मला सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो. जुन्या योगा मॅटसारख्या, बंद छिद्रांच्या फोमचे दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवावेत आणि मधोमध ट्रान्सड्यूसर घट्ट बसेल असे भोक कापावे. कडे ज्या जागी बसणार तिथले बूड आतून खरखरीत सॅंडपेपरने घासून, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू द्यावे. काही कारागीर गॅसच्या बारीक ज्योतीने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर चाटून घेतात, त्याने गोंद खरोखर चांगला धरतो. पण स्पिरिटची वाफ कोंडलेल्या पोकळीत ज्योत नेणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, म्हणून घरगुती कामात हा प्रयोग करू नये. मग लवचीक राहणाऱ्या, चपला-बुटांच्या दुरुस्तीला वापरतात त्या जातीच्या गोंदाने कडे चिकटवावे. दोन भाग कालवून लावायची कडक इपॉक्सी इथे कामाची नाही, प्लॅस्टिक वाकले की ती तडकून सुटते. गोंद एक दिवस सुकल्यावर कड्यात चमचा-दोन चमचे पाणी घालावे आणि ट्रान्सड्यूसर तिरका धरून, एक कड आधी टेकवून, हळूहळू खाली दाबावा, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघून जाते. सरळ वरून दाबला तर मधोमध बुडबुडा अडकतो. हे पाणी उन्हाळ्यात सुकते, म्हणून प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी चार थेंब घालायची सवय ठेवावी लागते. या पद्धतीचा एवढाच काय तो ताप. उलट ट्रान्सड्यूसर केव्हाही काढता येतो, आणि कयाक विकायची झाली तर तिच्या अंगावर एकही खूण राहत नाही.

ज्यांना हे पाणी घालणे नकोसे वाटते ते ट्रान्सड्यूसर थेट गोंदाच्या जाड थरात बसवतात. पद्धत चालते, परंतु गोंदात राहिलेला एक बुडबुडा कायमचा राहतो आणि तो आहे की नाही हे गोंद वाळल्यावरच कळते. म्हणून गोंद गोल-गोल फासू नये; मध्यभागी एकच ढीग घालून त्यावर ट्रान्सड्यूसर फिरवत दाबावा, म्हणजे गोंद मधून बाहेरच्या बाजूला पसरत हवा ढकलत जातो.

आतून बसवण्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मीही तोच दोष करीन. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारी, तळाचे छायाचित्रासारखे चित्र देणारी डाउन इमेजिंग आणि साइड इमेजिंगची यंत्रे आता मिळतात. त्यांची लहर दोन-तीन मिलीमीटरची असते, प्लॅस्टिक तिला बराच त्रास देते, आणि बाजूला तिरके जाणारे झोत तर बुडातून नीट बाहेरच पडत नाहीत. अशा यंत्राचा ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा. दुसरी गोष्ट, ट्रान्सड्यूसरमधील तापमापक आत बसवल्यावर बुडाचे तापमान दाखवतो, पाण्याचे नव्हे. ज्यांना पाण्याच्या तापमानावर मासा शोधायचा आहे त्यांनी माशांच्या काचपेटीत ठेवतात तो साधा तापमापक दोरीला बांधून सोडावा. तिसरी गोष्ट, हवा भरून फुगवायच्या कयाकमध्ये ही पद्धत चालत नाही, कारण तिचे बूड म्हणजे हवाच. फायबरग्लासच्या कयाकमध्ये आत फोम किंवा मधाच्या पोळ्यासारखा थर असेल तर तिथेही नाही.

या सगळ्यांसाठी कडेला अडकवायचा दांडा हा पर्याय आहे. कयाकच्या वरच्या कडेच्या पट्टीला एक आडवा आधार, त्याला खाली जाणारा नळीसारखा दांडा आणि टोकाला ट्रान्सड्यूसर. दांडा थोडा पाण्याला अडतो, जलपर्णी गोळा करतो, आणि मोठा मासा कयाकखालून पलीकडे गेला की दोरा नेमका त्यालाच गुंडाळला जातो. पण काठ जवळ आला की तो वर उचलून घेता येतो, आणि बुडाला धक्का लागत नाही. काही कयाकांत निचऱ्याच्या भोकाखाली ट्रान्सड्यूसरसाठी मुद्दाम खाच ठेवलेली असते. ती असेल तर अर्थातच वापरावी, कारण तिथले भोक साच्यातच घडलेले असते, त्याला आतली पोकळी उघडी पडत नाही.

इथे एक प्रश्न कोणी विचारील, की एवढा खटाटोप मासे दिसावेत म्हणूनच ना? तर लेखात या यंत्राचे जे वर्णन आहे तेही थोडे सैल आहे. २०० किलोहर्ट्झच्या झोताचा कोन साधारण २० अंश असतो. त्या हिशेबाने १० मीटर खोलीवर तळाचे साडेतीन मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते, आणि ३ मीटर खोलीवर जेमतेम एक मीटरचे. म्हणजे उथळ पाण्यात यंत्र फक्त कयाकच्या सावलीतले पाणी पाहते, आणि त्या सावलीत रोहू-कटला थांबत नाही. तिथे यंत्राचा उपयोग तळ वाचण्यासाठी आहे. गाळ असेल तर रेघ पातळ आणि मऊ येते; खडक किंवा मुरूम असेल तर ती जाड व ठसठशीत येते, कधी कधी दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावलीही उमटते. बुडातून जाणारी लहर हे सगळे व्यवस्थित सांगते.

इंदिरा सागर जलाशयावर जाणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको. २००४ मध्ये हरसूद गाव या पाण्याखाली गेले, आणि सुमारे अडीचशे गावे पूर्ण किंवा अंशतः बुडाली. विहिरींचे कठडे, भिंतींचे पाये, झाडांची खोडे असे बरेच काही त्या तळाशी आहे आणि मासा त्याच्याच आडोशाने राहतो. जलाशयाची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर, पावसाळ्यानंतर भरलेले हे पाणी उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर उतरते. ऑक्टोबरात ज्या खोडावरून कयाक निर्धास्त गेली, ते मे महिन्यात पाण्याच्या अगदी पृष्ठाशी आलेले असते, आणि बुडाबाहेर लोंबणारा ट्रान्सड्यूसर त्यावर आपटण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक. नर्मदेवरचा केवट बांबूने तळ चाचपत जातो, त्याला यंत्राची गरज पडत नाही. बांबू पुरत नाही तिथे मात्र यंत्राशिवाय आपल्यासारख्यांना काही कळायचे नाही.

भोकाला माझा सरसकट विरोध आहे असा समज होऊ नये म्हणून एक खुलासा. ट्रान्सड्यूसरची तार आतून वर पडद्यापर्यंत आणण्यासाठी वरच्या भागाला एक भोक पाडावे लागते, आणि ते पाडायला हरकत नाही, कारण ते पाण्याच्या पातळीच्या बरेच वर असते. तारेच्या टोकाचा जोड जाड असतो म्हणून भोक जोडाच्या मापाचे पाडून त्यात दोन फाकांचा रबरी बूच बसवावा. जोड कापून तार बारीक भोकातून ओढायची आणि पुन्हा जोडायची, असे काही मेकॅनिक सुचवतात. ते करू नये, कारण त्या तारेभोवती जाळीचे आवरण असते, ते तुटले की पडद्यावर विजेच्या गोंगाटाच्या रेघा उमटू लागतात आणि वॉरंटीही बहुधा जाते. याच कारणाने बॅटरीची तार आणि ट्रान्सड्यूसरची तार एकत्र गुंडाळून ठेवू नयेत.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी जेल रोडला कुठेही मिळते आणि लहान पडद्याचे यंत्र तिच्यावर आरामात दिवस काढते. तिचे वजन दोन-सव्वादोन किलो. तेवढेच काम करणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी याच्या निम्म्याहून कमी वजनाची, पण महाग. कोणतीही घेतली तरी धन टोकाजवळ फ्यूज लावलाच पाहिजे आणि बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात बांधलेली असली पाहिजे. लेखात फ्यूजचा उल्लेख नव्हता.

जाता जाता आणखी एक. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून मासेमारीला बंदी असते, आणि मोठ्या जलाशयांत एरवीही परवानगी लागते. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आली आहेत. तिथे पक्ष्यांच्या मुक्कामात कयाक घालण्याचा मोह टाळलेला बरा. पुरवणीतील लेख ऐन उन्हाळ्यात आला, तेव्हा हे दोन शब्द त्यात असायला हवे होते.

आपणांस विनंती एवढीच, की पुढील पुरवणीत त्या सूचनेबाबत खुलासा छापावा. लेख वाचून ज्यांनी बुडाला भोक पाडले असेल, त्यांनी कयाक तूर्त पाण्यात नेऊ नये. भोक सिलिकॉनने किंवा चिकटवलेल्या तुकड्याने बुजवण्यात अर्थ नाही. ते प्लॅस्टिकच्या वेल्डिंगने, कयाकच्याच जातीच्या पॉलिएथिलीनची कांडी वितळवूनच भरावे लागते, आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांपैकी काही जण हे काम नीट करतात. कयाक क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनची असेल तर मात्र ती वितळत नाही आणि तिच्यावर वेल्डिंग धरत नाही, म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वी विक्रेत्याला हे विचारून घ्यावे. दुरुस्तीनंतर कयाक दोन स्टुलांवर ठेवून आत बादलीभर पाणी ओतावे, वेल्डिंगच्या खाली कोरडा कागद पसरावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागद ओला दिसला तर वेल्डिंग पुन्हा करून घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर